मूळ कागद कोण वाचणार?

गेल्या मार्गशीर्षात फोंडा महालातील एका देवस्थानच्या महाजनांच्या सभेस आम्ही उपस्थित होतो. सभेपुढील कामे नेहमीचीच होती. जमाखर्च वाचला गेला. पालखीच्या दांड्यास चांदीचा नवा पत्रा बसवावा की जुनाच उजळून घ्यावा यावर पाऊण तास चर्चा होऊन शेवटी नवाच बसवावा असे ठरले. अग्रशाळेच्या छपराचा प्रश्न पुढील सभेवर गेला. सर्वांच्या शेवटी एक अर्ज वाचण्यात आला. अर्जदार आपल्याच समाजातील एक मुलगी. संस्कृत घेऊन ती पहिल्या वर्गात एम. ए. झालेली आहे. पुढे लॅटिन व ग्रीक या भाषांचे रीतसर विद्यापीठीय अध्ययन करावे असा तिचा मानस. तशी सोय जवळपास कोठे नाही, सबब परदेशी जावे लागणार. तरी देवस्थानच्या विद्यार्थी-साहाय्य निधीतून दोन वर्षांपुरती काही मदत व्हावी, एवढीच तिची विनंती होती.

अर्ज वाचून संपतो न संपतो तोच सभेत हशा पिकला. हशा आम्ही मनावर घेतला नसता. पण त्यानंतर सभेतील एक वयोवृद्ध गृहस्थ उठून उभे राहिले. या गृहस्थांनी आपल्या आयुष्याची चाळीस वर्षे देवस्थानच्या सेवेत घालविली आहेत, आणि त्यांच्याविषयी आमच्या मनात आदराखेरीज दुसरी भावना नाही. ते म्हणाले, "वकीलबाब, ज्यांनी आमच्या देवांना गाव सोडायला लावले, त्यांच्या पाद्र्यांची भाषा शिकायला आता देवाच्या पेटीतला पैसा द्यायचा काय?" हशा एकदम थांबला. अर्ज नामंजूर झाला. आम्ही दोन शब्द बोललो, परंतु ते गुळमुळीतच होते. वकिलांच्या बाबतीत पुष्कळदा घडते तसे खरे उत्तर सुचले ते घरी परतल्यावर. ते येथे मांडीत आहोत.

प्रथम एक गोष्ट निःसंदिग्धपणे कबूल केली पाहिजे. त्या वृद्ध गृहस्थांच्या बोलण्यातील वेदना खोटी नव्हे. श्रीमंगेश १५६० साली कुशस्थळीहून प्रियोळास आले, ते हवापालट म्हणून नव्हे. वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, तीही स्वखुशीने नव्हे. १५६७ साली रायतूरच्या किल्ल्याचा कॅप्टन दियोगु रोद्रिगिश याने साष्टीतील देवळांची जी वाताहत केली, ती ज्यांच्या पूर्वजांनी डोळ्यांनी पाहिली त्यांचेच वंशज त्या सभेत बसले होते. इन्क्विझिशनचे न्यायासन गोव्यात १५६० मध्ये आले आणि मध्यंतरीचा चार वर्षांचा खंड सोडल्यास १८१२ पर्यंत टिकले. हे विसरा असे सांगणारा मनुष्य आमचा पक्षकार नव्हे.

परंतु आमचा प्रश्न निराळा आहे. हे सारे आपणांस कशावरून ठाऊक आहे? आजीच्या तोंडून ऐकले, हे खरे. पुराणिकांनी सांगितले, हेही खरे. पण कोणते देऊळ कोणत्या दिवशी पडले, कोणाच्या हुकुमाने पडले, त्याचे उत्पन्न पुढे कोणत्या खात्यावर गेले, हे सांगणारा कागद कोठे आहे? तो आमच्या घरच्या पेटाऱ्यात नाही. तो लिस्बनला आहे, पणजीच्या पुराभिलेखागारात आहे, रोमच्या जेझुइट संस्थेच्या दप्तरात आहे. ज्यांनी पाडले त्यांनीच लिहून ठेवले. पाडणाऱ्याची कैफियत हाच आमच्या बाजूचा पुरावा होऊन बसला आहे, आणि तो वाचण्यास आम्हीच अंगठाबहाद्दर!

न्यायालयात ज्याने एक वर्ष तरी काढले असेल त्याला प्राथमिक पुरावा कशास म्हणतात हे सांगावे लागत नाही. १८७२ च्या साक्षीपुराव्याच्या कायद्याने दस्तऐवज शाबीत करावयाचा तर मूळ दस्तऐवजच पुढे आणावा लागे. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व जसेच्या तसे राहिले आहे. नक्कल चालते, पण मूळ का मिळत नाही हे सांगितल्यानंतर. आणि येथे तर मूळ कागद जपून ठेवलेला आहे, त्यास क्रमांक दिलेला आहे, मागणाऱ्यास तो दाखविण्यातही येतो. उणीव आहे ती मागणाऱ्याच्या विद्येत.

मूळ शब्द न कळल्यामुळे काय होते याचा एक अनुभव सांगतो. वकिलीच्या आमच्या पहिल्या चार-सहा वर्षांतील हा प्रसंग. एका देवस्थानच्या जमिनीवरील कुळागराचा वाद होता. जमीन देवाची, माड-पोफळी एका कुटुंबाने पिढ्यान्पिढ्या लावलेल्या. जुना दस्तऐवज पोर्तुगीजमध्ये होता व त्याचे भाषांतर फाइलीस जोडलेले होते. त्या भाषांतरात असे होते की, सदर कुटुंबाने प्रतिवर्षी अमुक इतके अश्रफी 'न्यायालयाचे' म्हणून भरावेत. झाले! प्रतिपक्षाने उभा दावा रचला की हा पैसा सरकारी कचेरीचा, देवस्थानचा त्यावर हक्कच नाही. आम्ही तीन तारखा अंधारात चाचपडत होतो. अखेरीस एका निवृत्त नोटरीच्या पडवीत बसलो असताना त्यांनी मूळ कागद डोळ्यांशी धरला आणि ते मोठ्याने हसले. मूळ शब्द होता 'फोरो'. पोर्तुगीजमध्ये 'फोरो' म्हणजे न्यायासनही, आणि 'फोरो' म्हणजे दुसऱ्याची जमीन कायम वहिवाटणाऱ्याने मालकास द्यावयाचा वार्षिक खंडही. भाषांतरकार अप्रामाणिक नव्हता. शाळेत शिकलेला पहिला अर्थ त्याने लिहिला, इतकेच.

नोटरी तेवढ्यावर थांबले नाहीत. तरुणपणी सेमिनारीत दोन वर्षे काढल्यामुळे त्यांस थोडी लॅटिन येत होती. ते म्हणाले की या वहिवाटीस पोर्तुगीज संहितेत जो शब्द आहे तो लॅटिन 'एम्फितेउसिस' वरून आलेला, आणि लॅटिनमध्येही तो परका, कारण मुळात तो ग्रीक. घरी येऊन आम्ही शोध घेतला. ग्रीक धातूचा अर्थ रोपणे, झाड लावणे. पडीक जमीन घ्यावी, तिच्यात झाडे लावावीत, ती वाढवावीत, मालकास ठरलेला खंड द्यावा. मालकी मालकाची, पण लावणाऱ्याचा हक्क मुलानातवंडांस पोहोचावा, अशी ती व्यवस्था. ही विक्री की भाडेपट्टा, असा वाद रोमन कायदेपंडितांत फार काळ चालला. पाचव्या शतकात सम्राट झेनो याने ठरविले की ही दोन्हीही नव्हे, हा तिसराच करार. आणि ५३३ सालच्या जस्टिनियनच्या 'इन्स्टिट्यूट्स' मध्ये तो निर्णय नोंदविला गेला. तेथून तो पोर्तुगालच्या १८६७ च्या नागरी संहितेत उतरला आणि १८७० पासून गोव्यात लागू झाला. आमच्या डोळ्यांपुढे जो कुळागरवाला धोतर खोचून पाटाचे पाणी वळवीत उभा होता, तो त्या ग्रीक शब्दात दीड हजार वर्षे अगोदरच उभा होता! दाव्याचा निकाल पुढे काय झाला हे येथे महत्त्वाचे नाही. महत्त्वाचे हे की, 'न्यायालयाचे' या एका चुकीच्या शब्दावर देवाची जमीन जावयाची वेळ आली होती.

आता कोणी म्हणेल की येथे पोर्तुगीज येणारा मनुष्य पुरला असता. लॅटिन-ग्रीकचे एवढे अवडंबर कशास? आक्षेप अर्धा बरोबर आहे. पोर्तुगीज अवश्य हवीच. परंतु पोर्तुगीज ही दारापाशी उभी असलेली भाषा आहे. घराच्या आत लॅटिन आहे. योसेफ विकी या जेझुइट पंडिताने १९४८ पासून चाळीस वर्षे खपून भारतातून गेलेल्या जेझुइटांच्या पत्रांचे 'दोकुमेंता इंदिका' या नावाचे अठरा खंड सिद्ध केले. पत्रे बहुतांशी पोर्तुगीज, काही स्पॅनिश व इटालियन, आणि काही लॅटिन. कुंकळ्ळीचेच उदाहरण घ्या. १५८३ साली तेथे पाच जेझुइट मारले गेले, आणि त्यानंतर गावकारांच्या मुखंडांस असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. त्या पाच जेझुइटांस १८९३ मध्ये रोमने 'धन्य' म्हणून घोषित केले. रोमच्या अशा घोषणांची भाषा लॅटिन. मुखंडांच्या बाजूचा एकही कागद आम्हांपाशी नाही. म्हणजे या खटल्यात एका पक्षाची कैफियत तेवढी दप्तरात आहे आणि दुसऱ्या पक्षाचा वकीलच गैरहजर आहे. चारशे चाळीस वर्षे तो गैरहजर आहे. उलटतपासणी करावयाची तर कैफियत वाचता आली पाहिजे की नको?

त्याहूनही मागे जा. वास्को द गामाचे जहाज कालिकतला लागण्यापूर्वी त्रेचाळीस वर्षे, १४५५ च्या जानेवारीत, पोप पाचवे निकोलस यांनी पोर्तुगालच्या राजास एक फर्मान दिले. त्या लॅटिन फर्मानाचे नाव 'रोमानुस पोंतिफेक्स'. त्यात मूर्तिपूजकांचे प्रदेश जिंकण्याचा, त्यांची मालमत्ता घेण्याचा आणि त्यांस कायमचे गुलाम करण्याचा अधिकार राजास दिलेला आहे. कायद्याच्या भाषेत बोलावयाचे तर आमच्या घरावर ज्या खताच्या आधारे कब्जा सांगितला गेला, त्या मालिकेतले हे आरंभीचे खत होय. ३० मार्च २०२३ रोजी व्हॅटिकनने या फर्मानांतून निघालेला तथाकथित 'शोधाचा सिद्धांत' जाहीरपणे नाकारला. तो नाकारला जावा म्हणून अमेरिका व कॅनडातील मूळ रहिवाशांनी वर्षानुवर्षे आवाज उठविला. त्यांनी ते खत वाचले होते. आमच्यापैकी किती जणांनी वाचले?

सभेतील वृद्ध गृहस्थांस आमचे पहिले उत्तर हेच आहे. देवाच्या पेटीतील पैसा पाद्र्यांची भाषा शिकण्यास द्यावा असे आम्ही म्हणत नाही. देवाच्या बाजूने उभे राहू शकेल असा वाचक तयार करण्यास द्यावा असे म्हणतो.

भाषेचा राग धरून कागदाचा सूड उगवता येत नाही. पेशवाईशी १७७९ मध्ये झालेल्या तहावरून पोर्तुगालने दादरा-नगरहवेलीवर सार्वभौमत्व सांगितले आणि भारतास हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात ओढले, ही गोष्ट जुन्या वाचकांच्या स्मरणात असेल. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तहाबरोबर १७८३ व १७८५ च्या मराठी सनदाही विचारात घेतल्या आणि सांगितले की मराठ्यांनी दिली ती जहागीर किंवा सरंजाम होता, राज्य नव्हे. पुढे इंग्रजी अमदानीत पोर्तुगीजांचा कब्जा मान्य झाला, हा भाग वेगळा. पण 'सरंजाम' या एका शब्दाचे वजन न्यायासनापुढे कोणास तरी तोलून दाखवावे लागले. पोर्तुगालच्या वकिलांना मराठी दप्तराकडे पाठ फिरविता आली नाही. आम्ही मात्र लॅटिन दप्तराकडे पाठ फिरवून त्यास स्वाभिमान म्हणतो.

दुसरा आक्षेप सुशिक्षितांचा आहे. ते म्हणतात, सर्व काही इंग्रजीत भाषांतरित झाले आहे, आणि जे झालेले नाही ते आता यंत्र क्षणार्धात करून देते. भाषांतरित किती झाले आहे ते एका ग्रंथावरून पाहू. कोचीनचा डच गव्हर्नर व्हान रेडे याने मलबारच्या वनस्पतींवर 'हॉर्तुस मलाबारिकुस' हा बारा खंडांचा लॅटिन ग्रंथ तयार करविला. तो १६७८ ते १६९३ या काळात आम्स्टरडॅममध्ये छापला गेला. सातशेहून अधिक वनस्पती त्यात आहेत. माहिती देणाऱ्यांत इट्टी अच्युतन हे मलबारी वैद्य होते आणि आपल्यापैकी तिघे होते: रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट. धर्मच्छळाच्या काळात गोव्यातून कोचीनला गेलेल्या कोंकणी समाजातले हे ब्राह्मण वैद्य. त्यांचे कोंकणी निवेदन पहिल्या खंडात देवनागरी अक्षरांत छापलेले आहे; कोंकणीच्या अभिमानी मंडळींस त्या पानाचे छायाचित्र तोंडपाठ आहे, व्यासपीठाच्या पडद्यावर ते लावले जाते, त्यास हारही पडतो. परंतु त्या पानाच्या मागचे बारा खंड? आपल्या तिघा पंडितांनी आपल्या निघंटूतून काढून कोणते औषध कोणत्या रोगावर सांगितले, हे त्या लॅटिनमध्ये बंद राहिले. लिनीयसने ते वाचले व आपल्या १७५३ च्या ग्रंथात त्याचा उपयोग केला. आम्ही वाचले नाही. त्याचे संपूर्ण इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झाले ते २००३ साली, केरळातील वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक के. एस. मणिलाल यांनी अनेक दशके खपून केलेले. पहिला खंड निघाल्यापासून तीनशे पंचवीस वर्षांनी! एका मनुष्याने आपले आयुष्य दिले म्हणून ते झाले. ज्या देशात असल्या कामास एक मनुष्य लागतो आणि तो योगायोगाने सापडावा लागतो, त्या देशाच्या विद्यापीठांविषयी काय म्हणावे?

यंत्राविषयी आमचे म्हणणे थोडक्यात आहे. यंत्र कामाचे आहे. आमच्या कचेरीतही त्याचा वापर होतो. पण यंत्राने 'फोरो' चा अर्थ 'न्यायालय' असा दिला तर तो चूक आहे हे ओळखणारा कोण? साक्षीदार कितीही चुणचुणीत असो, त्याची उलटतपासणी करण्यास त्याच्याहून अधिक जाणणारा मनुष्य लागतो.

आतापर्यंत आम्ही लॅटिनचे व दुःखाचे बोललो. ग्रीकचे बोलताना मन हलके होते. ग्वाल्हेर-इंदूरकडील वाचकांनी विदिशेजवळचा बेसनगरचा खांब पाहिला असेल; तेथील लोक त्यास खांबबाबा म्हणून पूजीत आले. तक्षशिलेहून अंतलिकित राजाचा वकील म्हणून आलेला हेलिओदोर नावाचा यवन इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या अखेरीस तेथे वासुदेवाचा गरुडध्वज उभारतो आणि स्वतःस भागवत म्हणवितो. लेख ब्राह्मी लिपीत व प्राकृत भाषेत आहे. एक ग्रीक आमच्या भाषेत आमच्या देवास शरण आला, यात त्याचे ग्रीकपण बुडाले असे त्यास वाटले नाही.

आणि उलट दिशेने पाहा. १९५८ मध्ये कंदाहारला अशोकाचा एक लेख सापडला, वर ग्रीक व खाली अरमाइक. त्यात 'धम्म' या शब्दासाठी ग्रीक शब्द आहे 'यूसेबिया': देव व वडीलधारी यांच्याविषयीचा पूज्यभाव. १९६३ मध्ये तेथेच आणखी एक ग्रीक लेख मिळाला. त्यात बाराव्या व तेराव्या शिलालेखांचा भाग आहे. बारावा लेख आपणांस ठाऊक असतो: आपल्या पंथाची स्तुती व दुसऱ्याच्या पंथाची निंदा अकारण करू नये, असे त्यात सांगितले आहे. मूळ प्राकृतात पंथासाठी शब्द आहे 'पासंड'. हाच शब्द पुढे आमच्याकडे 'पाखंड' होऊन शिवी बनला. अशोकाच्या दरबारी किंवा सरहद्दीवर ज्या कोणी तो लेख ग्रीकमध्ये घातला, त्याने त्या शब्दासाठी योजिले 'दिआत्रिबे', म्हणजे तत्त्वचिंतकांची शाळा, जेथे गुरू-शिष्य एकत्र बसून काळ घालवितात. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी 'पासंड' या शब्दात निंदा नव्हती, याचा याहून बोलका साक्षीदार कोणता? आणि हा साक्षीदार ग्रीक बोलतो. धर्मशास्त्राचा इतिहास लिहू पाहणाऱ्या आमच्या तरुणाने त्याची साक्ष दुभाष्यामार्फतच घ्यावी काय?

खुद्द संस्कृतच्या अभ्यासास ग्रीक-लॅटिनची किती गरज आहे याविषयी एकच उदाहरण देतो. वैयाकरण मंडळींनी क्षमा करावी. 'कृ' धातूचे परोक्ष भूतकाळी 'चकार' होते. द्वित्व करताना 'क' चा 'च' का होतो? पाणिनीने नियम सांगितला आणि तो अचूक आहे. कारण सांगणे हे त्याचे काम नव्हते. ग्रीकमध्ये अशाच द्वित्वात 'ए' स्वर येतो. संस्कृतच्या पूर्वरूपातही तेथे 'ए' होता, त्या तालव्य स्वराच्या शेजाराने 'क' चा 'च' झाला आणि मग 'ए' चा 'अ' होऊन गेला. तसेच आपले 'च' हे अव्यय: लॅटिनमध्ये ते 'क्वे', ग्रीकमध्ये 'ते'. संस्कृतात जो स्वर पुसला गेला तो या बहिणींच्या घरी जपून ठेवलेला आहे. बहिणीच्या घरी गेल्याने माहेर सुटत नाही. बडोद्याच्या वाचकांस श्रीअरविंदांचे उदाहरण पुरे होईल. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजात ग्रीक-लॅटिनमध्ये पहिला वर्ग मिळवून ते १८९३ मध्ये बडोद्यास आले, येथेच संस्कृतात खोल शिरले, आणि पुढे वेदांवर लिहिताना ती ग्रीक-लॅटिन त्यांनी खुशाल कामास लावली. त्यांस कोणी पाद्र्यांचे हस्तक म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

येथे लॅटिन-ग्रीकच्या काही पाश्चात्त्य कैवाऱ्यांशीही आमचा वाद आहे. हे लोक म्हणतात की मानवी संस्कृतीचा उगम अथेन्स व रोम येथे झाला, सबब या भाषा शिकाव्यात. हा युक्तिवाद आम्हांस मान्य नाही, आणि त्यानेच या विद्येचा घात केला आहे. आपल्याच पूर्वजांची आरती म्हणून जी विद्या शिकविली जाते ती पुढच्या पिढीस आरतीचा कंटाळा आला की बंद पडते. अमेरिकेत वॉशिंग्टन येथे कृष्णवर्णीयांसाठी १८६७ मध्ये स्थापन झालेले हॉवर्ड विद्यापीठ आहे. तेथील ग्रीक-लॅटिनचा विभाग विद्यापीठाइतकाच जुना. फ्रँक स्नोडेन यांनी प्राचीन ग्रीस-रोममधील कृष्णवर्णीयांवरील आपला १९७० चा ग्रंथ तेथेच अध्यापन करीत असताना सिद्ध केला. टोनी मॉरिसन यांनी विद्यार्थिदशेत तेथे या विषयाचा अभ्यास केला. २०२१ च्या एप्रिलमध्ये तो स्वतंत्र विभाग मोडण्यात येत असल्याचे जाहीर झाले. या लोकांनी ही विद्या कशी मिळविली होती? असे सांगतात की कॅलहून नावाच्या एका गोऱ्या मुत्सद्द्याने म्हटले होते, ग्रीक वाक्यरचना जाणणारा निग्रो दाखवा, मग मी त्यास मनुष्य मानीन. १८५२ मध्ये गुलाम म्हणून जन्मलेल्या विल्यम स्कारबरो यांनी १८८१ मध्ये ग्रीकचे पाठ्यपुस्तकच लिहून काढले. मालकाच्या कुलुपाची किल्ली त्यांनी स्वतःच्या हातांनी घडविली. ती मालकाची म्हणून फेकून दिली नाही.

नोकरीचा आक्षेप उरला. लॅटिन शिकून काय मिळणार, असे सभेत एकाने विचारलेच. हेच गृहस्थ वेदपाठशाळेस दरवर्षी देणगी देतात आणि तेथील बटूंस कचेरीत जागा मिळेल काय असे कधी विचारीत नाहीत. त्यांची देणगी योग्यच आहे. मुंबई विद्यापीठाच्या आरंभीच्या काळात संस्कृताप्रमाणेच लॅटिनही अभिजात भाषा म्हणून घेता येत असे. त्या पिढीतील माणसे उपाशी मेली नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात विदेशी भाषांची जी नावे उदाहरणादाखल दिली आहेत त्यांत कोरियन आहे, जपानी आहे, थाई आहे, पोर्तुगीजही आहे. लॅटिन नाही, ग्रीक नाही. आज आपल्या मुलास लॅटिन शिकावयाची तर बहुधा सेमिनारीचीच पायरी चढावी लागते. तेथील पुरोहितांनी ही विद्या जपली याबद्दल आमच्या ख्रिस्ती बांधवांचे आभारच मानले पाहिजेत. परंतु विद्यापीठाने करावयाचे काम सेमिनारीवर सोडून द्यावे आणि वर ती पाद्र्यांची भाषा म्हणून नाक मुरडावे, हा न्याय कोठला?

आमची मागणी फार मोठी नाही. गोवा विद्यापीठात, आणि शक्य झाल्यास बडोद्यास किंवा हैदराबादेस, संस्कृतच्या शेजारी लॅटिन व ग्रीकचे एकेक अध्यापकपद असावे. विद्यार्थी पहिल्या वर्षी तीन आले तरी चालतील. १८८७ मध्ये डाकोरच्या रणछोडरायांच्या खटल्यात मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वेस्ट यांनी देवस्थान ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती कशी ठरते हे सांगताना हिंदू धर्मशास्त्राच्या जोडीस रोमन कायदा घेतला. त्या निर्णयाचा आधार देवाच्या मालमत्तेसाठी आजही वकील देतात. आम्ही स्वतः दिला आहे. इंग्रज न्यायाधीशास रोमन कायदा ठाऊक होता त्याचा लाभ डाकोरच्या देवास झाला. यापुढेही त्यासाठी बाहेरच्याच माणसावर अवलंबून राहावयाचे काय, याचा महाजनांनी विचार करावा.

त्या मुलीची आम्ही गाठ घेतली. ती खचलेली नाही. एका निवृत्त पाद्रीबाबांकडे आठवड्यातून दोनदा जाऊन लॅटिनची पहिली विभक्ती तिने सुरूही केली आहे. त्यांनी तिच्याकडून पैसा घेतला नाही, फणस मात्र घेतला. तिचा अर्ज आम्ही पुढील सभेत पुन्हा मांडणार आहोत. त्या वेळी पालखीच्या दांड्याचा हिशेबही सभेपुढे यावयाचा आहे; पत्र्यास किती चांदी लागली तो आकडा आम्ही कोषाध्यक्षांकडे लेखी मागितला आहे.